आईचा घसा

“ऋजूच्या आई, तुमचं ताट कुठंय?”

मुजावर मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी ऋजूसमोर वाटी ठेवून, हातात चमचा धरून, तिच्या ओठांकडे बघत बसले होते. मला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाला तरी विचारतायत. पण मिरजेच्या त्या मुलांच्या दवाखान्यात, जेवणाच्या खोलीत, त्या मंगळवारी दुपारी आम्ही तिघीच होतो.

“मी नंतर जेवीन,” मी म्हटलं. “हिचं होऊ दे आधी.”

“हिचं होऊ दे आधी म्हणणाऱ्या आया मी पंधरा वर्षं बघतेय. त्यांचं कधी होतच नाही.” त्यांनी स्वतःचा डबा उघडला. “इथं नंतर नसतं. हिच्याबरोबर बसायचं, हिच्यासमोर जेवायचं. घ्या की वाढून.”

शाहीन मुजावर आहारतज्ज्ञ होत्या. जेवण सोडून बसलेल्या मुलांना पुन्हा जेवायला शिकवणं हे त्यांचं काम. बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि आवाज शाळेतल्या खेळाच्या बाईंसारखा. आम्हाला दवाखान्यात येऊन दहा दिवस झाले होते. नऊ दिवस ऋजूच्या नाकात नळी होती आणि तिच्यातून पातळ आहार थेट पोटात जात होता. नळी त्या सकाळीच काढली होती. गालावर चिकटपट्टीचा लाल चौकोन अजून तसाच होता.

टेबलावर स्टीलचे चार डबे होते. मी दोन चपात्या घेतल्या, दोडक्याची भाजी घेतली, वरणाची वाटी घेतली. चौथ्या डब्याचं झाकण उचललं तशी वाफ तोंडावर आली. मी झाकण परत ठेवलं.

“भात नाही घेत?”

“ॲसिडिटी होते.”

“वरणभातानं ॲसिडिटी होणारी राजापूरची बाई पहिल्यांदा बघतेय,” त्या म्हणाल्या आणि अंड्याच्या पोळीचा तुकडा तोंडात टाकला.

ऋजू त्यांच्या जबड्याकडे टक लावून बघत होती. आठ वर्षांची होती ती. वजन सोळा किलो दोनशे ग्रॅम.

“मॅडम, तुम्ही चावताना मोजता?”

“नाही बाई. तू मोजतेस?”

“चाळीस.”

“आता वाटीत काय आहे तुझ्या?”

“वरणाचं पाणी.”

“ते चाळीस वेळा चावतेस?”

ऋजूने मान डोलावली. मुजावर मॅडम हसल्या नाहीत. “दात दमत असतील,” एवढंच म्हणाल्या.

पाऊण तास ठरलेला असे. पाऊण तासात ऋजूने तीन चमचे घेतले. जेवणाबद्दल बोलायचं नाही, ‘एक घास’ म्हणायचं नाही, चमचा हातात धरून बसायचं नाही, असे नियम होते. मी चमचा खाली ठेवला, पण डोळे कुठे ठेवू? वेळ संपल्यावर ऋजू खुर्चीतून उतरली आणि म्हणाली, “नळीच बरी होती. तिच्यात काही अडकत नाही.”

तिला ती नळी हवी होती. संध्याकाळी डॉ. हुपरीकर राउंडला आले आणि मला बाहेर घेऊन म्हणाले, “शनिवारी वजन करू. तोवर तोंडानं काही सुरू झालं तर बघू. नाहीतर मग पोटातूनच नळी बसवावी लागेल. छोटं ऑपरेशन असतं. घाबरायचं नाही.”

मंगळवार ते शनिवार. मी बोटांवर दिवस धरले.

*

त्याआधी दीड वर्ष, माझ्या नवऱ्याच्या, हेमंतच्या, चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत हे सुरू झालं. पंगतीत ऋजू बरोबरीच्या मुलींमध्ये बसली होती, तोंडात मसालेभात, आणि कशावर तरी हसली. दालचिनीचा तुकडा घशात गेला. मी वाढत होते. माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. आधी तिचं हसणं थांबलं, मग सगळंच थांबलं. ओठ निळे झाले. कुणीतरी काका धावले, तिला उलटी धरून पाठीत थोपटलं, आणि तो तुकडा पानात येऊन पडला. नखाएवढा. पुढच्या मिनिटाला बायका म्हणाल्या, चला, वाचली पोर, दृष्ट काढा.

त्या दिवसानंतर तिने भात खाल्ला नाही. सगळे म्हणाले, विसरेल. दोन आठवडे झाले, महिना झाला. आणि मग सावकाश एकेक पदार्थ घरातून गेला. भाकरी गेली, पोहे गेले, फळं गेली. हेमंत तासगावला बेदाण्याच्या शीतगृहात मॅनेजर आहे. पूर्वी ती त्याच्या ऑफिसातून यायची तेव्हा फ्रॉकचे दोन्ही खिसे चिकट असायचे आणि मी ओरडायचे. आता मी रिकामे खिसे चाचपून बघत होते. शेवटी चपाती गेली. उरलं दूध, दुधात विरघळवलेलं बिस्किट आणि गाळलेलं वरण. घशात दुर्बीण घालून बघितलं, घसा स्वच्छ निघाला. तिला ते चित्र दाखवलं, तिने नीट बघितलं आणि म्हणाली, “हा माझा नाहीये.”

तिच्या दुधात मी प्रोटीनची पावडर कालवली, न सांगता. चौथ्या दिवशी तिने पेला नाकाशी धरला, माझ्याकडे बघितलं आणि मोरीत ओतून दिला. दूधही गेलं. मुजावर मॅडमना हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “सगळ्या आया करतात. आता करू नका. तिचा तुमच्या हातावरचा विश्वास आपल्याला लागणार आहे.”

मला मात्र तिचं एकच वाक्य हवं होतं. शाळेतून आल्यावर दप्तर कॉटवर फेकून, बूट काढायच्या आधी ती जे म्हणायची ते. आई, भूक लागलीय. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आत्ता तर आलीस, थांब जरा, असं मी म्हणायचे. आता शाळा सुटायच्या वेळी मी दारातच उभी असायचे. ती दप्तर हळूच खाली ठेवायची, बूट जोडीने भिंतीला लावायची आणि अभ्यासाला बसायची. एखाद्या पाहुण्याच्या मुलीसारखी. डॉक्टरांनी विचारलं होतं, “भूक लागली की तुला कसं वाटतं?” तिने खूप विचार केला होता. मग म्हणाली, “आता आठवत नाही.”

*

बुधवारी मी औषधाच्या दुकानातून परत आले तेव्हा जेवणाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून मुजावर मॅडमचा आवाज आला. “आता घरातल्या सगळ्यांचे घसे काढ.”

“सगळ्यांचे?”

“माणसं नकोत. नुसते घसे. खाली नावं लिही.”

मी दाराशीच थांबले. ऋजूची माझ्याकडे पाठ होती. मुजावर मॅडमनी मला बघितलं आणि काहीच न झाल्यासारखं पुन्हा कागदाकडे बघितलं.

“हा कुणाचा? पावसाचा पाइप आहे का काय हा?”

“बाबांचा. त्यांना चावायला लागत नाही.”

“आणि हा?”

“आजीचा. तिला दात नाहीत तरी ती शेंगदाणे खाते. हा तुमचा.”

“माझा एवढा मोठा? बरं. आणि ही नुसती रेघ काय आहे?”

“तो माझा.”

“आणि त्याच्या शेजारची रेघ?”

“आईचा.”

पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटतील म्हणून मी पिशवी छातीशी धरली.

“आईचा असा का गं बारीक?”

“असाच आहे तिचा. माझा आईवर गेलाय,” ऋजू म्हणाली. रोजची गोष्ट सांगावी तसं. “नाक पण आईवर गेलंय. केस पण. सगळे म्हणतात.”

“नाक दिसतं. घसा कसा दिसला तुला?”

ऋजूने दाराकडे मान वळवायच्या आत मी भिंतीआड झाले. तिचा आवाज खाली आला, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

“आई भात खात नाही ना. आधी खायची. भात नसेल तर उठायचीच नाही, बाबा चिडवायचे तिला. मग मी अडकले. मग तिनं बंद केला. तिला कळलं असणार की तिचा पण तसाच आहे. मग ती चपाती पण एकच खायला लागली. उभ्या उभ्या, पाणी पीत पीत. कधी कधी तेवढी पण नाही.”

“तू विचारलंस तिला?”

“नाही.”

“का?”

“ती घाबरते,” ऋजू म्हणाली. “तुम्ही पण नका विचारू.”

*

मुजावर मॅडम दहा मिनिटांनी बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला बाकडं होतं, तिथे मी बसले होते. त्या शेजारी बसल्या. कागद त्यांनी दुमडून एप्रनच्या खिशात ठेवला होता.

“ॲसिडिटी नाही ना तुम्हाला?”

“नाही.”

मी बी.एस्सी. झालेय, वनस्पतीशास्त्र घेऊन. तांदळाच्या दाण्यात काय काय असतं ते मी आकृती काढून, नावं देऊन सांगू शकते. भरती करताना डॉ. हुपरीकरांनी विचारलं होतं, घरात बाहेरचं काही केलंय का, अंगारेधुपारे. मी जरा तोऱ्यातच म्हटलं होतं, आम्ही तसले नाही हो. त्यामुळे मला पुढचं बोलायला वेळ लागला.

“मी सोडलाय भात,” मी म्हटलं. “आमच्या गावच्या देवीला बोललेय. ऋजू पोटभर भात जेवेल त्या दिवशी मी खाईन. तोवर शिवणार नाही.”

“कधीपासून?”

“सतरा महिने.”

“घरात माहीत आहे?”

“कुणालाच नाही. नवस सांगायचा नसतो. आणि सासरी सगळे भाकरी-चपातीवाले, ताटात भात नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.” मग मीच म्हटलं, “असं मला वाटत होतं.”

आपल्याला जे सर्वांत प्रिय ते सोडायचं, अशी रीत आहे माझ्या माहेरी. माझी आत्या आंबा सोडून बसली होती चार वर्षं. मी भात सोडला. मऊ भात, वर मेतकूट, तूप, पेजेची वाटी, कुळथाच्या पिठीबरोबरचा गरम भात. पहिले काही महिने स्वप्नात भात दिसायचा. आणि प्रत्येक वेळी इच्छा झाली की मला बरंच वाटायचं. जेवढं जड जाईल तेवढं ते पोचेल, असं. चपाती मात्र मी सोडली नव्हती. ती आपोआप सुटली. पोर समोर वाटी घेऊन बसलेली असताना कुणाला जेवण जातं?

सतरा महिने मी तिचा घास न् घास बघत होते. ती माझा बघतेय हे मला दिसलं नव्हतं.

“म्हणजे माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं.

“तसं सोपं नसतं,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “घास अडकला, भीती बसली, ते तुमच्यामुळे नाही. पण भीतीला पुरावा लागतो. तो तिला घरात मिळत गेला.”

त्या चष्मा काढून पुसायला लागल्या.

“मी रोजे धरते दरवर्षी, तीस. त्यामुळे तुमचं कुठं अडलंय ते मला कळतं. मोडा असं मी म्हणणार नाही, ते माझ्या तोंडी शोभणारही नाही. आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो, तुमच्यात काय असतं ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच माहीत आहे की त्या पोरीला आईचा घसा मोकळा आहे हे दिसायला हवं. सांगून उपयोग नाही. दुर्बिणीचं चित्र तिनं मानलं नाही.”

“तिला खरं सांगू का? तुझ्यासाठीच सोडला होता म्हणून?”

“आणि आठ वर्षांच्या पोरीनं ते कुठं ठेवायचं?” त्या म्हणाल्या. “आधीच तिला गिळता येईना झालंय.”

*

संध्याकाळी मी राजापूरला आईला फोन लावला. मोडला आणि ऋजूला काही झालं तर? माझ्या डोक्यात एवढंच होतं. दालचिनीचा तो तुकडा मला पुन्हा पुन्हा दिसत होता. आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मागे कोंबड्यांना घालायला पाटी आपटल्याचा आवाज आला.

“कुणाला विचारून बोललीस गो तू देवीला?” ती म्हणाली.

“कुणाला विचारायचं असतं?”

“मला विचारायचंस. मी म्हटलं असतं, दुसरं कायतरी सोड. आई उपाशी नि पोर उपाशी, हे देवीला तरी बघवेल काय?”

“मी उपाशी नव्हते.”

“गेल्या मे महिन्यात आलीस तेव्हा चार दिवस भाकऱ्या मागून खाल्ल्यास. मला वाटलं घाटावर राहून चव बदलली. मनात म्हटलं, गेली ही आपल्यातून.” तिचा आवाज जरा हलला, मग ती नेहमीसारखी बोलायला लागली. “उद्या गुरवाला सांगते. गाऱ्हाणं घालेल तो. पोरीच्या आजारपणात आईकडून राहिलं, सांभाळून घे, म्हणून. तू जेव.”

“पण आई, बोललेलं मोडलं तर—”

“मग देवी मला विचारेल. मी देईन उत्तर. मी मोठी ना तुझ्यापेक्षा?”

मी फोन ठेवला. धीर आला असं म्हणता येणार नाही. पण भीती दोघींत वाटली गेली.

*

गुरुवारी टेबलावर तेच चार डबे. मुजावर मॅडम त्यांच्या जागी. ऋजूसमोर वरणाचं पाणी. मी भाताचा डबा पुढे ओढला आणि दोन डाव भात वाढून घेतला. वर घट्ट वरण घातलं, तूप घातलं, लिंबू पिळलं. लिंबाची बी पानात पडली, ती मुजावर मॅडमनी चमच्याने हळूच काढली.

ऋजूचा चमचा वाटीत थांबला.

“आई,” ती म्हणाली. “तो भात आहे.”

“हो.”

“तुला चालतो?”

“चालतो की,” मी म्हटलं. “आज खावासा वाटला.”

मी पहिला घास कालवला. मनातल्या मनात देवीला हाक मारली, आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. घास तोंडात घातला.

दवाखान्याचा जाडा तांदूळ, जरा जास्तच शिजलेला, तरी तूप आणि लिंबू आणि त्या गरम शितांचा तो मऊपणा. मी डोळे मिटले असावेत. दुसरा घास घेतला. तिसरा. मला कुठे बसलेय तेही कळेना. दीड वर्षात पहिल्यांदा ऋजू समोर असताना मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मी जेवत होते. बोटांना लागलेलं वरण मी चाटलं आणि मान वर केली, तेव्हा ती खुर्चीतून उतरून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती.

जेवताना उठायचं नाही, हा नियम होता. मुजावर मॅडम आपल्या डब्यातलं खात राहिल्या.

ऋजूने दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. गार बोटं, काड्यांसारखी.

“आता खा,” ती म्हणाली.

मी घास घेतला. चावला. गिळला. तिच्या बोटांखालून तो खाली जाताना मलाही कळला.

“गेला?”

“गेला.”

“अडकला नाही?”

“नाही.”

“परत.”

मी परत घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुजावर मॅडम स्वतःच्या डब्यात बघत म्हणाल्या, “लिंबू जास्त झालं वाटतं.”

“हो, आंबट आहे,” मी म्हटलं.

“परत,” ऋजू म्हणाली.

सात घास मी तिच्या बोटांखाली गिळले. मग तिने हात काढला. माझ्या ताटात बघितलं. कडेला एक शीत सुटं पडलं होतं, वरण न लागलेलं, पांढरं. ते तिने तर्जनीवर घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन सगळ्या बाजूंनी तपासलं. जिभेच्या टोकावर ठेवलं. तोंड मिटलं आणि चावायला लागली. मी मोजत होते, तीही मोजत असणार. चाळीसच्या पुढे गेली ती. मग तीच दोन बोटं तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवली, डोळे गच्च मिटले आणि गिळलं.

“गेलं का?” मुजावर मॅडमनी विचारलं.

ऋजूने बराच वेळ बोटं तशीच ठेवली. “वाटतंय गेलं,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने आणखी काही खाल्लं नाही.

*

शनिवारी वजन सत्तर ग्रॅमनी कमी भरलं. डॉ. हुपरीकरांनी तक्ता बघितला. मुजावर मॅडमनी त्यावर लिहिलं होतं: गुरुवार, भात, एक शीत. शुक्रवार, भात, अकरा शितं. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

“मॅडम, हे शितं मोजून लिहिलंय तुम्ही?”

“तिनं मोजली. मी लिहिली.”

त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. नाकातली नळी पुन्हा घालावी लागली, आणि ऋजू या वेळी नाकाला हात लावू देईना. रडली, लाथा झाडल्या. मला बाहेर उभं राहून ते ऐकताना हायसं वाटत होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

नळी पाच आठवड्यांनी निघाली. दवाखाना तीन महिन्यांनी सुटला. त्यानंतरचं सगळं सांगत बसत नाही; पुढे गेलो, मागे आलो, एकदा दिवाळीत पुन्हा भरती झालो. घरात मी तिन्ही त्रिकाळ ताट वाढून, बसून जेवायला लागले. हेमंतच्या आई पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं बाई बसलीस. मला वाटायचं, तुला आमच्या पंगतीचं वावडं आहे.”

ऋजू आता एकवीस वर्षांची आहे. मसालेभात असला की ताटाच्या कडेला लवंगा-दालचिनीची लहानशी रास लागते. मी भात का सोडला होता ते तिने कधी विचारलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

दवाखाना सुटल्यावर पुढच्या मे महिन्यात आम्ही तिघं राजापूरला निघालो. देवीसमोर उभं राहायचं होतं. माझ्या पिशवीत नारळ होता आणि काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं. माफी मागायची की ओटी भरायची? ती पोटभर जेवत होती असं अजून म्हणता आलं नसतं. जेवायची वेळ झाली की जेवत होती, औषध घ्यावं तशी. कोल्हापूरहून धरलेली एस.टी. अणुस्कुरा घाटाच्या आधी एका टपरीसमोर थांबली. इंजिन बंद झालं. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. हेमंत पलीकडच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. ऋजू खिडकीशी, हनुवटी गजावर टेकवून बाहेर बघत होती. टपरीवर कुणीतरी भजी तळत होतं, वास आत येत होता.

“आई, भूक लागलीय,” ती म्हणाली.

बाहेरच बघत म्हणाली. सहज.

मी ऐकलं. नीट ऐकलं. तरी म्हटलं, “काय?”

“भूक लागलीय.”

“काय म्हणालीस?”

तिने तोंड वळवून माझ्याकडे बघितलं. कपाळावर आठी होती, अगदी पूर्वीसारखी. “बाबा,” ती म्हणाली, “आईला ऐकू येत नाहीय. मला भूक लागलीय.”

हेमंतने डोळे उघडले नाहीत. त्याचा हात मात्र पुढच्या सीटच्या दांडीवर घट्ट आवळलेला मला दिसला.

“मलाही नीट ऐकू आलं नाही बेटा,” तो म्हणाला. “परत सांग.”